चंद्रीच्या नावापुढचा 'कायम वंध्य' हा शेरा खोडण्याबाबत

प्रति,
मा. डॉ. सुधीर भालकीकर साहेब,
उपसंचालक, पशुप्रजनन व कृत्रिम रेतन उपविभाग,
हैदराबाद (पूर्व).

अर्जदार : वसंत राजेश्वरराव कल्याणीकर, निवृत्त पेशकार, राहणार बरकतपुरा, हैदराबाद.

विषय : देवणी गाय नामे चंद्री हिच्या अहवालातील 'कायम वंध्य, कधीही गाभण नव्हती' हा शेरा रद्द होऊन, देवणी वळूची एक रेतमात्रा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या सहीचा उपरोक्त अहवाल. २) पालिकेची नोटीस. ३) आपण अर्जदाराच्या पत्नीस दिलेला तोंडी शब्द.

महोदय,

१. अर्जदाराची उभी हयात कोर्टात पेशकारी करण्यात गेली. न्यायाधीशांच्या खुर्चीखाली बसून त्याने लोकांच्या दरखास्ती वाचून दाखवल्या, त्यामुळे स्वतःबद्दल 'मी' असे लिहायला त्याचा हात वळत नाही. 'अर्जदार' लिहिले की एक सोयही होते. 'मी'ला संताप येतो, अर्जदाराला फक्त तक्रार असते. ही सोय शेवटपर्यंत टिकेल अशी मात्र हमी देता येत नाही.

अर्ज मराठीत का, असे आवक टेबलावर विचारले जाईल. त्या टेबलासाठी अर्जदाराची सून रेणू हिने केलेला तेलुगू तर्जुमा सोबत जोडला आहे. मूळ मराठीत आहे ते आपल्याच सांगण्यावरून. आपण अर्जदाराच्या पत्नीस, सुनीताबाईंना, म्हणाला होतात, "आत्या, काही लागलं तर मराठीत दोन ओळी लिहून धाडा. इथं आपल्या भाषेत कुणी लिहीतच नाही बघा." मजकूर दोन ओळींत मावला नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

२. प्रकरण असे आहे. अर्जदाराच्या घरामागे आवार आहे, आवारात कडुनिंब आहे आणि त्याखाली चंद्री बांधलेली असते. चहूबाजूंनी आता अपार्टमेंट उभी राहिली आहेत. वरच्या गॅलऱ्यांतून आवार दिसते, आणि ज्यांना दिसते त्यांपैकी कुणाच्या तरी डोळ्यांत गाय खुपली. पालिकेची नोटीस आली की वस्तीत दुभते किंवा गाभण राहू शकणारे जनावरच ठेवता येईल, नाहीतर ते शहराबाहेरच्या गोशाळेत हलवावे लागेल. गाय कोणत्या प्रकारात मोडते ते आपल्या कार्यालयाच्या अहवालावरून ठरणार होते. अहवालात 'कायम वंध्य' असे आले. आता पालिकेची गाडी कधीही दाराशी उभी राहील आणि चंद्रीला चढवून नेईल. हा सारा अर्ज त्या दोन शब्दांपुरता आहे. ते खोटे आहेत, आणि ते खोटे असल्याचे आपणास पक्के ठाऊक आहे.

३. ही गाय कोण, हेही मिसलीवर, म्हणजे फायलीत, असावे. अर्जदाराचे लग्न झाले तेव्हा सासऱ्यांनी भालकीजवळच्या आपल्या गावाहून लेकीला एक देवणी गाय आंदण दिली. पांढरे अंग, काळे तोंड, लोंबते कान. तिची कालवड, त्या कालवडीची कालवड, अशी ती वेल या आवारात चालत आली. चंद्री त्यातली शेवटची. एकदा व्याली, पण खोंड झाला आणि तो गावाकडे दिला. सुनीताबाईंच्या माहेरी आता कुणी उरलेले नाही. घर विकले, भाऊ गेले. सणावाराला त्या गोठ्यात जाऊन चंद्रीच्या मानेखाली हात फिरवत बसतात, आणि विचारले तर म्हणतात, "माहेरी जाऊन आले." अर्जदाराने या बोलण्याची पुष्कळ वर्षे थट्टा केली. आता करत नाही.

४. गाय माजावर कधी आली हे सुनीताबाईंना कुणी सांगावे लागत नाही. वैरण टाकून भिंतीशी उभी राहते, कान सारखे हलवते, मागून स्रावाचा काचेसारखा स्वच्छ सोट लोंबतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असे आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरचा तक्ता सांगतो. तक्ता सुरेख आहे. त्याखाली बसणाऱ्या कारकुनाने मात्र अर्जदारास सांगितले, "पहले दरखास्त देव. आवक होना, सायबां के पास जाना, फिर आदमी आता."

अर्जदाराने दरखास्त दिली. ती साहेबांकडे जाऊन खाली येईपर्यंत माज ओसरला होता. माणूस आला, गार पडलेल्या गाईत रेताची कांडी रिकामी केली आणि 'रेतन झाले' असे लिहून गेला. गाय उलटली, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आली. पुढच्या खेपेस कारकुनाने तोड काढली की माज यायच्या आधीच दरखास्त देऊन ठेवावी, तीत माजाची तारीख घालावी. अर्जदाराने हयातभर तारखा दिल्या आहेत, पण गाईच्या वतीने तारीख देण्याची वेळ प्रथमच आली. त्याने अदमासाने ती घातली. चंद्री एक दिवस आधी, रविवारी माजावर आली. फोनवर उत्तर मिळाले की दरखास्तीत सोमवार आहे. साहेब, कोर्टातली पेशी मुलतवी ठेवता येते. माज मुलतवी ठेवता येत नाही. ही गोष्ट पशुप्रजनन कार्यालयास एका पेशकाराने लिहून कळवावी, याचीच अर्जदारास प्रथम किळस आली. ती पुढे वाढत गेली.

५. त्यानंतर विकास नावाचा आपला कर्मचारी वेळेवर आला. वेळेवर आला एवढेच त्याच्याबद्दल चांगले लिहिता येते. रेतमात्रा गोठवून ठेवायचे नळकांडे मोटारसायकलला बांधलेले होते, त्याचे झाकण हरवलेले आणि तोंडात फडके कोंबलेले. कांडी कोमट पाण्यात ठेवून विरघळवायची असते. सुनीताबाई पाण्याचे भांडे हातात घेऊन उभ्याच राहिल्या, आणि त्याने कांडी शर्टाच्या खिशात टाकून फोन घेतला. फोनवर कुणाच्या तरी लग्नातल्या बिर्याणीची चर्चा सावकाश पार पडली. मग त्याने नळी दातांत धरली, हातमोजा नाही म्हणून उघडा हात चंद्रीच्या पिण्याच्या हौदात बुडवला आणि तोच हात आत घातला. अर्जदाराने हरकत घेतली तर म्हणाला, "इत्ता सोचे तो काम कैसा होता, चच्चा? जानवर हैना!"

जनावर आहे खरे. काही दिवसांनी त्या जनावराच्या मागून पू येऊ लागला. माशा बसू लागल्या. सुनीताबाई कडुनिंबाचा पाला उकळून धूत राहिल्या, आणि अर्जदार नाकाला पंचा लावून लांब उभा राहिला. हे लिहिताना त्याला शिसारी येते, आणि ती त्या पुवाची नाही. पू निदान प्रामाणिक होता. तो जे होते ते दाखवत होता.

६. या साऱ्यात आपल्या कार्यालयातील एक व्यक्ती अर्जदारास माणसासारखी वाटली. डॉ. योगिनी या नव्याने रुजू झालेल्या पशुवैद्य स्वतःहून आल्या, चंद्रीच्या गर्भाशयाचा इलाज केला आणि मग गाय खाते काय, असे विचारले. तेव्हा एक गंमत उघडकीस आली. ज्या गॅलऱ्यांतून गाईच्या वासाची तक्रार गेली होती, त्याच गॅलऱ्यांतून रोज सकाळी दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली येत. गोग्रास! शिळ्या पोळ्या, आंबलेला भात, सत्यनारायणाचा शिरा, वाढदिवसाचा केक. पुण्य फुकट आणि उरलेसुरलेही खपते. डॉ. योगिनी यांनी सांगितले की या खाण्याने गाईच्या अंगावर चरबी चढली आहे, आणि अंगाला लागणारे क्षार मात्र नाहीत. अशी गाय दिसायला गुबगुबीत असली तरी गाभ धरत नाही.

अर्जदाराने टोपल्या बंद केल्या. त्यावरून दोन घरांनी बोलणे सोडले, ते बरेच झाले. क्षारांचे मिश्रण सुरू केले. उन्हात अंगावर ओले पोते टाकू लागलो. (हे 'लागलो' अनवधानाने आले. 'अर्जदार लागला' असे वाचावे.)

प्रश्न उरला देवणी वळूच्या रेताचा. विकासचे म्हणणे होते, "जर्सी डालतूं ना. काइकू नखरे?" वेल देवणीची आहे, ती देवणीचीच चालावी, एवढाच सुनीताबाईंचा नखरा होता. त्या आपणाकडे आल्या. बोलता बोलता त्यांचे माहेर भालकीकडचे निघाले. आपण खुर्चीतून उठलात, वाकून नमस्कार केलात आणि म्हणालात, "मग तुम्ही आमच्या आत्याच की!" देवणीची मात्रा आपल्या शब्दावर आली, हे अर्जदार नाकारत नाही. त्या दिवशी सुनीताबाई घरी येऊन कितीतरी वेळ कुंकवाच्या करंड्याशी चाळा करत बसल्या होत्या. माहेरचा माणूस भेटला म्हणाल्या.

मात्रा डॉ. योगिनी यांनी स्वतः भरली, वेळेवर आणि धुतल्या हाताने. चंद्री उलटली नाही. पुढे त्यांनी हात घालून तपासले आणि हसून म्हणाल्या, "काकू, पेढे आणा." पेढे आपल्या कार्यालयातही वाटले गेले, आणि आपणही एक उचललात.

७. यानंतर आपल्या मलकपेठेतील नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश आला.

नव्या घरात गाय फिरवण्याची रीत आपल्या शहरात सगळ्यांचीच आहे. त्यासाठी भाड्याच्याही गाई मिळतात, हार घातलेल्या आणि लिफ्टची सवय झालेल्या. परंतु आपण आपल्या पत्नी मनीषाबाईंना घेऊन अर्जदाराच्या घरी आलात आणि म्हणालात, "आत्या, भाड्याच्या गाईला काय अर्थ? माहेरची गाय, तीही गाभण. तिनं उंबरा ओलांडला की घर भरतं." गृहप्रवेशाला मागितलेली गाय नाही म्हणू नये, तिचे भाडेही घेऊ नये, अशी सुनीताबाईंच्या माहेरची चाल. तरी त्या म्हणाल्या की वैशाखाचे ऊन आहे, डॉक्टरीणबाईंनी हलवू नका सांगितले आहे. त्यावर आपण दिलेला शब्द संदर्भ क्रमांक तीनमध्ये नमूद आहे : "मी स्वतः पशुवैद्य आहे, आत्या. काळजी माझ्यावर सोडा." त्यांनी सोडली.

मुहूर्त ऐन दुपारचा निघाला. चंद्रीला ट्रॉलीत उभी करून नेले. ट्रॉली रहदारीत अडकली, वर छत नव्हते, गाय तोंडातून फेस गाळत होती. आपल्या इमारतीत लिफ्टशी ती अडली. चौकीदाराने ढकलली, ती हलेना. मग कुणीतरी शेपूट पिळली. दार तिच्या फऱ्यावर आपटले, उघडले, पुन्हा आपटले. वर गेल्यावर गुळगुळीत चकचकीत फरशी. त्या फरशीवर चंद्रीचे चारही पाय चार दिशांना गेले आणि ती पोटावर पडली. अर्जदाराने तो आवाज ऐकला आहे. तो फरशीचा होता की गाईचा हे सांगता येत नाही.

तिला उठवले. इथे काम संपायला हवे होते. पण फोटोवाला म्हणाला, उंबऱ्याचा फोटो हलला. तेव्हा गाईला बाहेर काढून पुन्हा उंबरा ओलांडायला लावला, कासरा आपल्या हातात, मनीषाबाई बाजूला, दोघेही हसत. गाय भीतीने मुतली. जमलेल्यांनी "शुभ झालं, शुभ झालं" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि लागलीच कुणीतरी फिनेल मागवले. शिरा भरवला. चंद्रीची ओटी भरून हिरवा खण घातला. सुनीताबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि अर्जदार हातात सरबताचा पेला धरून उभा होता. आपल्या कार्यालयाच्या जिन्यात आपल्या छायाचित्रासह जो फलक लावला आहे, त्यावर लिहिले आहे की गाभण जनावरास ऊन, प्रवास, धक्के व निसरडी जमीन यांपासून जपा. अर्जदाराने तो वाचला आहे. आपण बहुधा फक्त छायाचित्र पसंत केले असावे.

८. त्याच आठवड्यात चंद्री गाभडली.

जे पडले ते सुनीताबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि कडुनिंबाखाली स्वतः खड्डा करून पुरले. अर्जदाराने कुदळ मागितली, ती दिली नाही. आपणास निरोप धाडला. आपण आला नाहीत, विकासला धाडले. त्याने तपासून 'गर्भाशय रिकामे' असे लिहिले, ते खरेच होते. मग पालिकेने अहवाल मागितला. गाय गाभण होती असे लिहिले, तर कशाने गाभडली हेही लिहावे लागले असते. म्हणून आपण सोपा मार्ग घेतलात. कधीही गाभण नव्हती! अर्जदाराने कोर्टात खोटे दस्तऐवज पुष्कळ हाताळले. खुनी माणसांनी केलेलेही हाताळले. परंतु पेढा खाऊन 'पेढा नव्हता' असे लिहिणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. ती सही बघून त्यास ओकारी आली, आणि ही बाब तो शब्दशः लिहीत आहे.

अहवाल तेलुगूत होता. रेणूने तो वाचून अर्थ सांगितला. सुनीताबाई भाजी निवडत होत्या, निवडत राहिल्या. जुडी संपली तेव्हा म्हणाल्या, "कधीच नव्हती, तर मग मी पुरलं काय?"

याचे उत्तर आपल्या कार्यालयाने द्यावे.

९. मागणी थोडी आहे. (अ) 'कायम वंध्य' आणि 'कधीही गाभण नव्हती' हे दोन्ही शेरे खोडून, गाय गाभण होती व गाभडली, एवढे खरे लिहावे. कशामुळे ते न लिहिले तरी चालेल. (आ) ते पालिकेस कळवावे, म्हणजे गाडी येणार नाही. (इ) देवणीची एक मात्रा द्यावी व ती भरण्यास डॉ. योगिनी यांना धाडावे. त्यांचे तोंडी सांगणे या अर्जात साक्ष म्हणून घेतले आहे, त्यांच्यावर राग काढू नये. चंद्री दुरुस्त झाली आहे. आज सकाळपासून वैरण टाकते आणि कान हलवते आहे. दरखास्त आवक होण्याची वाट पाहण्याइतका अवकाश नाही.

१०. सोबतच्या तेलुगू तर्जुम्यात परिच्छेद सात आणि आठ नाहीत. ही रेणूची चूक नव्हे. तिने ते केले होते, सुनीताबाईंनी काढायला लावले. त्यांचे म्हणणे, माहेरच्या माणसाची अब्रू चार टेबलांवरून फिरायला नको, जे बोलायचे ते त्याच्याशी आपल्या भाषेत बोला. अर्जदाराचे मत वेगळे होते. घरात त्याचे मत चालत नाही, आणि या खेपेस न चाललेले बरे असे त्यालाही वाटते. डॉ. योगिनी मराठी बोलतात, वाचत नाहीत. म्हणजे आपल्या कार्यालयात मराठी वाचणारे आपण एकटे आहात, तोवर हे दोन परिच्छेद आपल्या एकट्याचे आहेत. चंद्रीचा माज याही खेपेस वाया गेला किंवा पालिकेची गाडी दाराशी आली, तर तर्जुमा पुरा करून दिला जाईल. तो पालिकेस जाईल, आपल्या वरिष्ठांस जाईल, आणि एक प्रत आपल्या कार्यालयाच्या जिन्यात, त्या फलकाशेजारी लागेल. ती लावण्याची परवानगी अर्जदार मागणार नाही.

हयातभर दुसऱ्यांचे 'आपला नम्र' मोठ्याने वाचून दाखवलेला, आणि आज तो शब्द लिहिताना ज्याची लेखणी अडली तो,

(दस्तखत)
वसंत राजेश्वरराव कल्याणीकर
बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक : ७ जुलै २०२५

जोडपत्रे :
१. आपल्या अहवालाची प्रत.
२. पालिकेच्या नोटिशीची प्रत.
३. जिन्यातील फलकाचा फोटो.
४. गृहप्रवेशाचा फोटो, उंबऱ्यावरचा, दुसऱ्यांदा काढलेला. मनीषाबाईंनी सुनीताबाईंना प्रेमाने पाठवला होता.
५. तेलुगू तर्जुमा, अपुरा.
६. आपल्या घरी चंद्रीच्या ओटीत घातलेला हिरवा खण. घडी मोडलेली नाही. सुनीताबाईंनी परत पाठवला आहे, आणि सांगितले आहे की यापुढे आत्या म्हणू नये.